अपग्रेड झालं, टचपॅड गेला? थांबा, फॉरमॅट करू नका!

आजचा भाग छोटा आहे, पण लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कामी येईल. उबुंटू अपग्रेड केलं, लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि टचपॅडवर कितीही बोट फिरवलं तरी बाण जागचा हलत नाही. अशा वेळी लोक दोनच गोष्टी करतात. एक तर सगळं पुसून विंडोज टाकतात, नाहीतर लॅपटॉप घेऊन दुकान गाठतात. दोन्हीची घाई नको.

माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सेकंडहँड लॅपटॉप, प्रोजेक्टचा सगळा कोड त्यातच, बॅकअप शून्य. सबमिशनला चार दिवस असताना पठ्ठ्याने २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केलं आणि टचपॅड बंद. दुकानदार म्हणाला, पार्ट गेलाय, नवीन टाकावा लागेल. रात्री त्याचा फोन आला, "दादा, फॉरमॅट मारू का?" मी म्हटलं, "आधी कोणाचा तरी यूएसबी माऊस आण आणि कोड पेनड्राईव्हवर घे. बाकीचं नंतर."

तुम्हीही पहिलं काम हेच करा. माऊस नसेल तरी कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की टर्मिनल उघडतं. फाईल कॉपी करायला तेवढं पुरे.

आता मुद्दा समजून घेऊ. बोटापासून बाणापर्यंत तीन थर आहेत. खाली हार्डवेअर. मध्ये कर्नल, म्हणजे त्यातला ड्रायव्हर. वर लिबइनपुट, जे बोटांच्या हालचालींचा अर्थ लावतं: हा टॅप, हा स्क्रोल, हा राईट क्लिक. अपग्रेडमध्ये वरचे दोन्ही थर बदलतात, हार्डवेअर तेच राहतं. म्हणून अपग्रेडनंतर लगेच टचपॅड गेला तर संशय आधी सॉफ्टवेअरवर घ्यायचा.

सगळ्यात आधी सोप्या गोष्टी. कीबोर्डवर टचपॅड चालू-बंद करायचं बटण असतं, ते चुकून दाबलं गेलंय का बघा. सेटिंग्जमध्ये टचपॅड चालू आहे का बघा.

बाण हलतोय पण टॅप होत नाही? मग बिघाड नाहीये. लिबइनपुटमध्ये बऱ्याच टचपॅडवर टॅप मुळातच बंद ठेवलेला असतो, चुकून क्लिक होऊ नये म्हणून. सेटिंग्जमध्ये चालू करा. उजव्या कोपऱ्यात दाबून राईट क्लिक होत नाही? २०१८ मध्ये ग्नोम ३.२८ आलं, तेव्हापासून दोन बोटांनी दाबणं म्हणजे राईट क्लिक, ही डिफॉल्ट पद्धत झाली. २४.०४ मध्ये कोपऱ्याची पद्धत सेटिंग्जमधूनच परत निवडता येते.

आणखी एक. जुन्या लेखांमध्ये सिनॅप्टिक्स ड्रायव्हर टाका, एक्सऑर्गच्या फाईलमध्ये अमुक ओळ लिहा, असं सांगितलेलं असतं. तुम्ही वेलँडवर असाल तर त्या ओळींचा काहीही उपयोग होत नाही. आधी सेटिंग्जच्या अबाऊट पानावर आपण वेलँडवर आहोत की एक्स-इलेव्हनवर, ते बघा.

बाण अजिबातच हलत नसेल तर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये 'सुडो लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस' चालवा. यादीत टचपॅड दिसला तर 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवून बोट फिरवा. ओळी धावायला लागल्या तर खालचे थर ठीक आहेत, गडबड डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. यादीत टचपॅडच नसेल, तर कर्नलला तो ओळखता आलेला नाही.

अशा वेळी जुना कर्नल कामी येतो. उबुंटू साधारणपणे आधीचा कर्नल ठेवून देतं, म्हणून टचपॅड नीट होईपर्यंत ऑटोरिमूव्ह चालवू नका. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबा, ग्रबचा मेनू येईल. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुना कर्नल निवडा. टचपॅड चालला तर निकाल लागला: हार्डवेअर धडधाकट आहे, नव्या कर्नलशी त्याचं जमत नाहीये. जुना कर्नल उरलाच नसेल तर आधीच्या आवृत्तीचा लाईव्ह यूएसबी लावून, काहीही इन्स्टॉल न करता, हीच परीक्षा घ्या. तिथेही नाही चालला, तर मग खुशाल दुकानात जा.

भावाच्या लॅपटॉपवर जुन्या कर्नलने बाण हलला. सबमिशन होईपर्यंत तो त्याच कर्नलवर राहिला. नवा पार्ट घ्यावा लागला नाही.

झोपेतून उठल्यावरच टचपॅड अडकत असेल, म्हणजे झाकण बंद करून उघडल्यावर, तर ड्रायव्हर काढून परत घालता येतो. पीएस-टू जातीच्या टचपॅडसाठी 'सुडो मॉडप्रोब वजा आर पीएसमाऊस', आणि मग तीच कमांड 'वजा आर' शिवाय.

आणि तरीही अडलात तर मदत मागताना लॅपटॉपचं मॉडेल, कर्नलची जुनी-नवी आवृत्ती आणि लिबइनपुटची यादी एवढं नक्की द्या. "टचपॅड चालत नाही, प्लीज हेल्प" यावर कोणीच काही सांगू शकत नाही.

तर मंडळी, पुढचं अपग्रेड परीक्षेच्या आठवड्यात करू नका, आणि बॅकअप आज रात्रीच घ्या. भेटू पुढच्या भागात!