थरथरत्या हाताकडे नीट पाहू या



मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, तर सोनिवलीतला माणूस बदलापूरहून लोकल पकडून सायन रुग्णालय किंवा परळचं केईएम गाठतो. ज्याचे हातपाय त्याच्या ताब्यात नाहीत, त्याला हा प्रवास गर्दीत दांडा धरून करावा लागतो. म्हणून हालचालींच्या आजारांवरची ही परिषद इथेच घ्यायचा आम्ही आग्रह धरला.

दवाखान्यात एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतो: "झोपेत काही होत नाही हो, म्हणजे मुद्दामच करतोय." कंपवाताची (पार्किन्सन्सची) थरथर, कोरिया या विकारातल्या नाचऱ्या हालचाली, डिस्टोनियात वळणारी मान, यांतलं बहुतेक झोपेत थांबतं. चार माणसांत ते वाढतं. वाकडी मान हनुवटीला नुसतं बोट लावल्यावर काही काळ सरळही होते. घरच्यांना हा सोंगाचा पुरावा वाटतो. डॉक्टरांसाठी मात्र ही निदानाची खूण आहे. त्या माणसाला खोटं ठरवणं आधी थांबलं पाहिजे.

हे आजार पाहूनच ओळखायचे असतात. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली कंपवात असलेल्या सहा जणांचं वर्णन लिहिलं, त्यांतले काही त्यांना लंडनच्या रस्त्यावर दिसलेले होते. आपणही पाहू या. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, की कपबशी उचलताना? पहिलं असेल तर कंपवाताची शंका घ्यावी, दुसऱ्याची कारणं बहुधा वेगळी असतात. घरच्यांनो, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. चालू गोळ्यांची पाकिटंही आणा, कारण उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा चक्करवरचं सिनारिझिन यांनीही अशी लक्षणं येऊ शकतात. आणि डॉक्टरांनो, कंप तरुण मुलाला असेल, तर विल्सनचा आजार तपासल्याशिवाय त्याला परत पाठवू नका. त्यात शरीरात तांबं साठतं, आणि वेळेत औषध मिळालं तर पुढचं नुकसान टळतं.

मुंबईत 2001 पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणून व्यायाम, गप्पा, माहिती देत आले आहेत. असा गट बदलापुरातही हवा. त्यासाठी नावं दाराजवळच्या टेबलावर लिहून घेत आहोत. पहिलं सत्र घरच्यांच्या प्रश्नांचं ठेवलं आहे. डॉक्टरांची व्याख्यानं त्यानंतर होतील.