बातम्यांना झाडीचा आवाज



हा भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. जेवणात भात आहे, हे वेगळं सांगायला नको.

स्वागत समितीची एक सूचना आहे. प्रसारण शिकू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींसाठी डॉ. विश्वास मेहेंदळे यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती असावी. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्या सांगणारा पहिला चेहरा मेहेंदळे यांचा ठरला. पुढे पुण्यात सिंबायोसिसच्या मास कम्युनिकेशन संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. नाटकांत कामं केली, 'मला भेटलेली माणसं' हा एकपात्री कार्यक्रम केला. ९ जानेवारी २०२३ रोजी त्यांचं निधन झालं.

मुंबई-पुण्याच्या माणसाचं नाव भंडाऱ्यात कशाला, असं समितीच्या बैठकीतही कोणी तरी विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्यात आणखी एक गंमत अशी की इथल्या झाडीबोलीत 'ळ' नाही आणि 'ण'ही नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी. म्हणजे ज्यांच्या नावानं शिष्यवृत्ती, ते इथल्या आजीच्या तोंडी मेहेंदरेच होणार!

पण अडचण नेमकी तिथेच आहे. लाखांदूरची पोरगी पुण्याला निघते तेव्हा फी, खोलीभाडं आणि खानावळ यांच्या जोडीला 'आपली भाषा अशुद्ध' ही भीतीही पेटीत असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, तरी ती भीती गेलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीनं यॉर्कशायरी वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्या विल्फ्रेड पिकल्सना राष्ट्रीय बातम्यांवर बसवलं होतं. तिकडेही काहींनी नाकं मुरडलीच.

बातमीत खरं महत्त्व ती नीट कळण्याला आहे. ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा पूर इथं कोणी विसरलेलं नाही. 'गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले' ही ओळ पवनीच्या काठावर ऐकणाऱ्याला एका दमात कळली पाहिजे. कुठं थांबायचं, आकडा कुठं ठासून म्हणायचा, कागद न वाजवता कसा सरकवायचा, हे शिकवून येतं. त्यासाठी बोली पुसावी लागत नाही. म्हणून निवडीच्या वेळी उमेदवारानं एकच बातमी दोनदा वाचावी, असं समितीला वाटतं: एकदा प्रमाण मराठीत, एकदा झाडीबोलीत. दुसऱ्या वाचनाला गुण थोडे जास्तच द्यावेत.

रक्कम अजून ठरलेली नाही. ती आपल्यावर आहे. दाराजवळच्या टेबलावर पावतीपुस्तक ठेवलं आहे. जेवायला जाताना वाट तिथूनच आहे.