लाल दिवा लागला की आधी इंजिन बंद

आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गाडीचं ड्रायव्हर बघेल, आपल्याला काय करायचंय? आम्हीही तेच म्हणायचो. पण गाडी गटाची, हप्ता आम्ही भरतो, आणि इंजिन बसलं तर सगळ्यांची बचत जाते.

आमची पिकअप जुनी, डिझेलवरची. हंगामात रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेते. एकदा साखरप्यापुढचा आंबा घाट चढून वर थांबलो, तर समोर तेलाच्या झारीचं लाल चित्र लुकलुकायला लागलं. रेस दिली की जायचं, सोडली की परत. एका गॅरेजात सांगितलं, बेअरिंग गेली, इंजिन बांधावं लागेल. दुसरीकडे सांगितलं, जाड ऑइल टाका, दिवा जाईल. दाब मात्र दोघांनीही मोजला नव्हता.

हा दाब कसला? इंजिनाच्या तळाशी, मेस्त्री ज्याला चेंबर म्हणतात, तिथे ऑइल असतं. पंप ते जाळीतून खेचतो, फिल्टरमधून गाळून बेअरिंगपर्यंत ढकलतो. फिरणाऱ्या लोखंडामध्ये ऑइलचा पातळ थर राहतो, म्हणून ते घासत नाही. दाब गेला की थर जातो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही.

आपलं खोबरेल थंडीत थिजतं आणि उन्हात पाण्यासारखं होतं ना? इंजिनचं ऑइलही तापलं की पातळ होतं. गाडी उभी असताना पंपही हळू फिरतो. जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, त्यातून ते निसटतं. म्हणून घाट चढून थांबल्यावरच दिवा लुकलुकतो. जाड ऑइलने दिवा जाईलही, पण झीज तशीच राहते, आणि सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं.

मग तिसऱ्या मेस्त्रीने आम्हाला समोर उभं करून तपासलं. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं. ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. वास घेतला, डिझेलचा वास असता तर ऑइल पातळ झालंय असं समजायचं. रंग दुधाच्या चहासारखा असता तर पाणी शिरलंय.

मग ऑइलच्या सेन्सरची वायर काढली. दिवा विझला, म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला लागलेली नव्हती. शेवटी सेन्सर काढून त्या जागी काट्याचं मीटर बसवलं. इंजिन चांगलं तापवून बघितलं तर सावकाश चालताना दीड किलो, रेस दिल्यावर साडेतीन. आमचा दिवा साधारण अर्ध्या किलोच्या खाली लागायला हवा. सेन्सरच खराब होता. नवा काही शेकड्यांत आला. इंजिन बांधायचे हजारो वाचले. मीटरवरही काटा खाली राहिला असता, तर मात्र आधी फिल्टर, चेंबरची जाळी, पंप आणि मग बेअरिंग बघावं लागलं असतं.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी पालीजवळ दिवा पुन्हा लागला. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "सेन्सरच असणार ताई, चला पुढे." आम्हालाही खरंच तसंच वाटलं. पण आमच्यातली एक खाली उतरली, म्हणाली, "पट्टी बघितल्याशिवाय मी बसणार नाही." पट्टी कोरडी! आदल्या आठवड्यात ऑइल बदललं होतं, तेव्हा चेंबरच्या नटाला जुनाच वायसर लावला होता, आणि नट सैल होऊन सगळं रस्त्यावर गळलं होतं.

मोटारसायकलवरून कुणी वायसर आणि ऑइल आणून देईपर्यंत चार तास गेले. पेट्या उशिरा पोचल्या, व्यापाऱ्याने भाव थोडा पाडला, तेही सांगून टाकतो. इंजिन मात्र अजून तेच आहे. आता गाडी निघायच्या आधी पट्टी बघण्याची पाळी ठरवली आहे, भाकरीच्या पाळीसारखी, आणि काय दिसलं ते वहीत लिहितो.