क्वांटम अवस्था : घाईचे शास्त्र

अनेक कणांची हवी ती क्वांटम अवस्था घडवण्याचा जुना मार्ग संथ बदलाचा आहे. कण आधी किमान ऊर्जेच्या साध्या अवस्थेत बसवायचे आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत न्यायचे. बदल पुरेसा संथ असेल, तर कण प्रत्येक टप्प्यावर किमान ऊर्जेच्याच पातळीवर राहतात. मॅक्स बॉर्न आणि व्लादिमिर फॉक यांनी हा सिद्धान्त १९२८ मध्ये मांडला.

किती संथ जायचे, हे किमान पातळी आणि तिच्या वरची पातळी यांतील अंतरावर ठरते. कणांची संख्या वाढली, की पदार्थाची अवस्था पालटते त्या बिंदूपाशी हे अंतर फार कमी होते आणि वेळ वाढतो. तेवढ्यात परिसराच्या संपर्काने अवस्था विस्कटून जाते.

काठोकाठ भरलेली कळशी घाईने न्यायची, तर ती चालीच्या अंदाजाने कलती धरावी लागते. तसेच इथे घाईमुळे होणारी चूक नेमकी खोडणारे जादा क्षेत्र लावतात. डेमिरप्लाक आणि राइस यांनी २००३ मध्ये आणि मायकल बेरी यांनी २००९ मध्ये त्याचे गणित दिले. मात्र केवळ २० स्पिनांच्या, म्हणजे प्रत्येकी दोनच पातळ्या असलेल्या कणांच्या, अवस्थेचे वर्णन करायलाच १०,४८,५७६ संख्या लागतात. अचूक क्षेत्राला तर सगळ्या कणांवर एकदम काम करावे लागते. म्हणून सेल्स आणि पोल्कोव्निकोव्ह यांनी २०१७ मध्ये मोजक्या, शेजारच्या कणांवर चालणारे अंदाजी क्षेत्र शोधण्याची रीत सुचवली.

दुसरी रीत संगणकाची. नवीन खनेजा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘ग्रेप’ पद्धतीत कणांवर सोडायच्या स्पंदाचे बारीक तुकडे पाडतात आणि अवस्था अपेक्षेच्या जवळ येईपर्यंत प्रत्येक तुकड्याची तीव्रता व कला बदलत राहतात. मोहालीच्या आयसर संस्थेत, तसेच पुण्याच्या आयसरमध्ये अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनावर असे प्रयोग होतात. बारीक काचनळीतला द्रव प्रबळ चुंबकात ठेवतात. रेणूंतली हायड्रोजन, कार्बन किंवा फ्लोरिनची केंद्रके क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीची एकके, ठरतात आणि रेडिओ लहरींचे स्पंद त्यांना वळवतात. केंद्रकांमधील दुवा क्षीण असल्याने दोन क्यूबिटांच्या एका क्रियेला काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे वाचवलेला प्रत्येक मिलिसेकंद मोलाचा ठरतो.

या घाईलाही मर्यादा आहे. मांडेलश्टाम आणि टॅम यांनी १९४५ मध्ये दाखवले, की अवस्था बदलण्याचा किमान वेळ ऊर्जेच्या अनिश्चिततेवर ठरतो. वेग वाढवायचा तर क्षेत्रही अधिक तीव्र लागते.