प्रबंध अपुरा का राहतो?

(पदव्युत्तर विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



पीएच.डी.साठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे प्रबंध पुरा न केलेला एखादा तरुण आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. "मुलगा आळशी आहे," असे म्हणून आपण मोकळे होतो. मी वकील आहे. पुरावा तपासल्यावाचून आरोपीस दोषी ठरविणे मला मान्य नाही.

पहिले कारण पैशाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत कमीत कमी ३ व जास्तीत जास्त ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून ती आणखी २ वर्षे वाढविता येते. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे. अनुसूचित जातींसाठी असलेली राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती मात्र अधिकात अधिक ५ वर्षेच मिळते. म्हणजे पैसा आधी संपतो आणि प्रबंध मागे राहतो. त्यातून हप्ता रखडला की विद्यार्थी शिकवण्या धरतो, तासिकांवर राबतो, आणि ग्रंथालयाची वाट त्याला दुर्मिळ होते. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरे कारण भीतीचे. ज्याच्या घराण्यात लेखणी धरणारा तोच पहिला, त्याला प्रत्येक वाक्य लिहिताना वाटते की, हे चुकले तर माझ्याबरोबर माझा समाजही नालायक ठरेल. म्हणून तो आणखी एक पुस्तक वाचतो, आणखी टिपणे काढतो. वाचन हे मग लेखन टाळण्याचे सभ्य निमित्त होऊन बसते. तिसरे कारण संकोचाचे. मार्गदर्शकाकडे दिलेले प्रकरण महिनोन्महिने पडून राहते, आणि विद्यार्थी भिडेपोटी विचारीत नाही.

पूज्य बाबासाहेबांनाही विलंब चुकला नव्हता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळविली होती. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२२ साली सादर झाला, तेव्हा परीक्षकांनी तो सुधारावयास सांगितला. त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला, आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी संपादन केली. प्रबंध परत आला म्हणजे विद्यार्थी नापास झाला, असे नव्हे; सुधारणा हा प्रबंधाच्या प्रवासातलाच एक टप्पा आहे.

यातून घ्यावयाचा बोध कायद्याच्या भाषेत सांगतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम अपिलास व अर्जास झालेला विलंब माफ करू शकते, पण पुरेसे कारण दाखविले तरच. विद्यापीठास ते कलम लागू नाही. त्यातली शिस्त मात्र आपणांस उपयोगी आहे. नोंदणीची तारीख लिहून भिंतीवर लावा. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी करा. मार्गदर्शकास प्रकरण देताना सोबत नम्र पत्र द्या व त्याची प्रत जपून ठेवा. अधिछात्रवृत्ती रखडली तर तोंडी विनवण्या न करता लेखी अर्ज करा व पोच घ्या. आणि दररोज एक पान लिहा, मग ते वाईट का असेना! वाईट पान सुधारता येते. कोरे पान सुधारता येत नाही.

पालकांनो, "झाले का रे तुझे पुस्तक?" असे चारचौघांत विचारू नका. त्याऐवजी त्याला रोज दोन तासांची शांतता द्या. मुलगी संशोधन करीत असेल तर चूल व पाहुणे यांतून तिला तेवढे तास सोडवा. तिच्या लग्नाची घाई तुम्हीच करावयाची आणि अपुऱ्या प्रबंधाचा दोष मात्र तिच्यावर ठेवावयाचा, हा न्याय नव्हे.

नोंदणी हा आपला हक्क होता. तो आपण मिळविला. आता तो प्रबंध पुरा करून वसूल करा.