चांदीची कुऱ्हाड



तिकिटे व नाणी जमविणारे आपण पाहिले आहेत. जपानात बर्फावरील गिर्यारोहणाच्या जुन्या कुऱ्हाडी जमविणारे लोक आहेत. जर्मन शब्दावरून जपानी लोक तिला ‘पिक्केरू’ म्हणतात. दांडा लाकडी, डोके पोलादी. एका अंगास अणकुचीदार चोच, दुसऱ्या अंगास बर्फात पायऱ्या खोदण्याचे पाते. प्रथम ही हत्यारे युरोपातून येत. पुढे सेंदाई येथील यामानोउची व साप्पोरो येथील कादोता या लोहारांनी ती घडविली, आणि त्यांची नावे गिर्यारोहकांच्या तोंडी झाली.

जाणता संग्राहक आधी पोलादावर उमटविलेला कारागिराचा शिक्का पाहतो. म्हणूनच तो गंज कानशीने खरवडत नाही. गंजाबरोबर शिक्काही जातो. दांड्याला तो जवसाचे तेल चोळतो. मात्र असल्या जुन्या लाकडावर डोंगरात जीव टाकीत नाही.

आता एक हकिकत ऐका. १९२५ साली युको माकी यांच्या जपानी तुकडीने स्विस वाटाड्यांसह कॅनडातील अल्बर्टा शिखर प्रथम सर केले व माथ्यावर एक कुऱ्हाड ठेवली. ती चांदीची असून खुद्द सम्राटांनी दिली आहे, अशी वदंता पसरली. १९४८ साली दोन अमेरिकन गिर्यारोहक वर पोहोचले. पाहतात तो साधे पोलाद व लाकूड, आणि तेही स्विस बनावटीचे! बर्फातून सोडविताना दांडा मोडला व खालचा तुकडा वरच राहिला. १९६५ साली जपानी गिर्यारोहकांना तो सापडला. पुढे दोन देशांत राहिलेले हे दोन तुकडे एकत्र आणले, तेव्हा ते एकमेकांस तंतोतंत जुळले.

मित्रहो, चांदीची गोष्ट खोटी ठरली म्हणून त्या कुऱ्हाडीचे मोल घटले काय? उलट वाढले. ऐकीव गोष्टीने वस्तूला चकाकी येते. किंमत येते ती शहानिशा केल्याने. परीक्षेत पाठ केलेले उत्तर आणि स्वतः पडताळलेले उत्तर यांत हाच फरक आहे.

तेव्हा घरातील एखादे जुने हत्यार भंगारात घालण्यापूर्वी मुलांनो, ते उलटून पाहा. कोण्या कारागिराचे नाव त्यावर असेल. आणि पालकहो, ते कोणाचे, असे मुलाने विचारलेच, तर त्याला उडवून लावू नका. त्याच्या शिक्षणाची सुरुवात तेथूनच होते.