गोलंदाज ब्रुक



गोलंदाज म्हटले की आजच्या पोरांना क्रिकेट आठवते. आपल्या जुन्या मराठीत गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. अशाच एका इंग्रज गोलंदाजाविषयी मी बोलणार आहे. साम्राज्याच्या सेनापतीशी तुम्हांला काय कर्तव्य, असे माझ्याच सोबत्यांनी मला सकाळी विचारले. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले, आणि त्या कपाटातच ॲलन ब्रुकची रोजनिशी हाती लागली.

ब्रुकचा जन्म १८८३ चा, फ्रान्समधला, घराणे आयर्लंडचे. १९०२ साली तो तोफखान्यात शिरला आणि चार वर्षांनी हिंदुस्थानात आला. १८५७ च्या धड्यानंतर इंग्रजांनी डोंगरी तोफा सोडल्यास तोफखाना आपल्या माणसांच्या हाती राहू दिला नव्हता. मैदानी तोफा हिंदी पलटणीला मिळाल्या त्या १९३५ साली! विश्वास कोणावर ठेवायचा, हे राज्यकर्त्याला तोफेपाशी नेमके कळते.

पहिल्या महायुद्धात सिकंदराबादच्या घोडदळ ब्रिगेडला दारूगोळा पुरविणारी तुकडी घेऊन तो फ्रान्सच्या आघाडीवर गेला. १९१६ साली सोमच्या लढाईत तो अठराव्या डिव्हिजनच्या तोफखान्याची आखणी करीत होता. सरकता भडिमार म्हणतात तो प्रकार इंग्रजी सैन्यात रुजविणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. पायदळाच्या पुढे गोळ्यांची एक भिंत पडत राहते. ठरलेल्या मिनिटाला ती काही यार्ड पुढे सरकते, आणि शिपाई तिच्या पाठीला लागून चालतात. घड्याळ चुकले तर आपल्याच तोफांनी आपलीच माणसे मरायची. १ जुलैला त्या रणांगणावर एकट्या ब्रिटिश सैन्याची १९ हजारांवर माणसे मेली. अठराव्या डिव्हिजनने मात्र आपले ठरलेले टप्पे गाठले. वीरश्रीला इथे फारसे काम नाही. पल्ला, वेळ, गोळ्यांची संख्या यांचा हा जमाखर्च. पुढे लार्कहिलच्या तोफखाना विद्यालयाचा तो प्रमुख झाला.

आता १४ जून १९४० ची गोष्ट. डंकर्कहून सैन्य निघून गेले होते. उरलेल्यांचा सेनापती म्हणून ब्रुकला पुन्हा फ्रान्सला धाडले होते. आपल्या फौजेत संघटित प्रतिकाराचे बळ उरले नाही, असे फ्रेंच सरसेनापती वेगाँने त्याला त्याच दिवशी सांगितले. रात्री टेलिफोनवर चर्चिल! दोघांचे हे पहिलेच संभाषण. फ्रेंचांना इंग्रज पाठीशी आहेत असे वाटले पाहिजे, हा चर्चिलचा आग्रह. मेलेल्या माणसाला तसे वाटविता येत नाही, अशा अर्थाचे ब्रुकचे उत्तर. अर्धा तास झुंज चालली, तेव्हा चर्चिलने मानले. सुमारे १ लाख ४० हजार ब्रिटिश सैनिक पश्चिमेच्या बंदरांतून परत आले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. तरुणपणी एका कारखान्याचा संप मी टाळ्यांच्या भरात लांबविला. मालकाच्या गोदामात माल किती, आमच्या निधीत पैसे किती, हे मी मोजलेच नव्हते. अकरा आठवड्यांनी माणसे रिकाम्या हातांनी आत गेली. चाळीसजणांना तर फाटकातूनच परत पाठविले. ‘मागे फिरा’ हे शब्द तेव्हा माझ्या तोंडून निघाले नाहीत.

१९४१ च्या डिसेंबरपासून ब्रुक ब्रिटिश सैन्याचा मुख्य. चर्चिल टेबलावर मूठ आपटी, हा त्याहून जोरात आपटी. हातातली पेन्सिल मोडून ‘मला मान्य नाही’ म्हणे. भूमध्य समुद्र मोकळा झाला तर दहा लाख टन जहाजे वाचतील, हा त्याचा मोठा हिशेब. पण १९४३ साली बंगालात माणसे भुकेने मरत असता धान्यासाठी जहाजे मागितली, तेव्हा लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फार थोडे दिले. त्या सरकारचा हा मुख्य सेनानी. मी त्याला गुरू म्हणत नाही. त्याच्याकडून एक विद्या घेतली, इतकेच.

फ्रान्सवरच्या चढाईचे सेनापतिपद चर्चिलने त्याला कबूल केले होते. १९४३ च्या ऑगस्टात क्वेबेकला ते अमेरिकनांना देऊन टाकले. ब्रुक मनातून कोसळला, पण दुसऱ्या दिवशी कामावर हजर. १९४६ साली तो पदावरून उतरला. पक्ष्यांचा त्याला भारी नाद. पैशाच्या अडचणीत पक्ष्यांची मोलाची पुस्तके त्याने विकली, राहते घर विकले, आणि त्याच आवारातल्या माळ्याच्या घरात संसार हलविला. १९६३ च्या जूनमध्ये तो वारला.